चतुर्थीची सुकती

माझी पहिली रहस्यकथा मोडली ती अलिबागला, वन्संच्या मागच्या पडवीत. त्या दिवशी मला रडू आलं होतं. पण ती तिथे मोडली नसती, तर पुढे जे लिहून झालं ते कधीच झालं नसतं. म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते.

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर पुण्यात आले. समुद्र माझ्या आयुष्यात पाहुण्यासारखा, वर्षातून दोन दिवस. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एका फाल्गुनात वन्संकडे आठवडाभर राहिले, तेव्हा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे. समोर कुलाबा किल्ला. ओहोटीला लोक चालत किंवा घोडागाडीतून तिकडे जातात, आणि भरती आली की तोच किल्ला पाण्याने वेढला जातो. आत गणपतीचं देऊळ आहे, देवळापुढे पायऱ्यांची पुष्करणी आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना त्या तटाच्या आत गोडं पाणी आहे. एका रात्री साडेआठच्या सुमारास मी तिथे उभी होते. पाणी काठोकाठ होतं, तटाला लाटा आपटल्याचा आवाज इकडे येत होता. मनात आलं, आत्ता कुणी आत असेल तर त्याच्याजवळ कुणी जाऊ शकणार नाही, आणि त्यालाही बाहेर येता येणार नाही. गोष्ट तिथेच सुरू झाली. त्या दिवशी एकादशी होती. वन्संचा उपास होता, आम्ही साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालो होतो, म्हणून तिथी पक्की लक्षात आहे. तिचं महत्त्व मात्र मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुण्याला परत आल्यावर दोनशे पानी वही घेतली. कामाची पद्धत मी स्वतःच ठरवली आणि ती अजूनही सोडलेली नाही. वही उघडली की डावं पान "घडलं" याचं आणि उजवं पान "कळलं" याचं. डावीकडे गुन्हा करणाऱ्याचा दिवस, तासातासाने: कुठे होता, काय घातलं होतं, जेवला का, भीती केव्हा वाटली. उजवीकडे वाचकाला त्यातलं काय, कुठल्या पानावर, कुणाच्या तोंडून समजतं. रहस्यकथा म्हणजे दोन गोष्टी असतात. एक आधीच घडून संपलेली, आणि दुसरी त्या पहिलीला शोधत निघालेली. मी तोवर दुसरीच लिहायला बसायचे, म्हणून दहाव्या पानावर अडकायचे. पहिली पूर्ण माहीत नसताना दुसरी लिहिता येत नाही. पुढचा महिनाभर मी एक ओळही कथा लिहिली नाही, फक्त डावी पानं भरली.

बेत असा होता. काळ १९९१, म्हणजे खिशात फोन नाहीत. एक बेट, त्यावर छोटा किल्ला, त्यात गणपती. रूप कुलाब्याचं, नाव माझं. माघ शुद्ध चतुर्थी, गणेशजयंतीचा उत्सव. देवस्थानचा हिशेबनीस उत्सवाच्या रात्री दानपेटीला कुलूप लावायला बेटावर जातो आणि दुसऱ्या दिवशी मेलेला सापडतो. तटाच्या दुरुस्तीचं काम घेतलेल्या ठेकेदाराने सिमेंटच्या खोट्या पावत्या दाखवलेल्या असतात आणि हिशेबनिसाला ते कळलेलं असतं. रात्री नऊला बेटाभोवती पाणीच पाणी, सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, मग बेटावर कोण गेलं? ठेकेदाराने एक होडी लपवून ठेवलेली असते, हा माझा उलगडा. आज तो सांगतानाही मला तो कच्चा वाटतो, पण तेव्हा मी खूश होते.

दुसरा उलगडा मला जास्त आवडला होता. माणूस पाण्यात बुडून मरतो तेव्हा श्वासाबरोबर पाणी आत जातं आणि पाण्यातले डायटम नावाचे अतिसूक्ष्म शैवालजीव रक्तातून थेट हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. खाऱ्या पाण्यातले वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे. प्रेत समुद्राकाठी सापडलं आणि मज्जेत गोड्या पाण्यातले डायटम निघाले, तर माणूस समुद्रात मेलेला नाही. तो पुष्करणीत मेला. हे मी शेवटच्या पानासाठी राखून ठेवलं होतं.

माझा एक शाळासोबती शवविच्छेदन करणारा डॉक्टर आहे. त्याला डावी पानं दाखवली. त्याने शांतपणे वाचली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, डायटमची चाचणी एकटी पुरावा म्हणून उभी राहत नाही. जिथे बुडाल्याचा संशय आहे तिथल्या पाण्याचा नमुनाही घ्यावा लागतो, दोन्ही जुळवावे लागतात, आणि तरीही न्यायालय तिच्याकडे जोडपुरावा म्हणूनच बघतं. मज्जेसाठी मांडीचं हाड जातं, अहवाल यायला आठवडे लागतात. तेव्हा तो अहवाल हातात घेऊन दुसऱ्या दिवशी कुणी गुन्हेगाराकडे बोट दाखवू शकत नाही. दुसरी गोष्ट प्रेताची. मी प्रेत रात्री दहाला तटावरून समुद्रात टाकून पहाटे किनाऱ्याला तरंगत आणलं होतं. तो म्हणाला, "अगं, प्रेत आधी बुडतं. शरीरात वायू तयार झाले की वर येतं. उन्हाळ्यात साधारण एक दिवस, थंडीत दोन-तीन. तुझी गोष्ट माघातली आहे. पहाटे कसं तरंगेल ते?"

मी घरी येऊन तीन पानं फाडली. मग प्रेताला खडकांच्या फटीत अडकवलं. म्हणजे ठेकेदार ते पुष्करणीतून ओढत आणून तटाबाहेरच्या खडपात टाकतो, वरून रात्रीचं पाणी येतं, जातं, आणि सकाळच्या ओहोटीला ते लोकांना दिसतं. सगळ्यांना वाटतं, अंधारात पाय घसरून समुद्रात पडला. डायटमचा अहवाल शेवटावरून उचलून मधोमध आणला. त्याने रहस्य सुटत नाही, उलट तिथूनच ते सुरू होतं. आधी सगळे म्हणत होते, अपघात. कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा कागद आला आणि कळलं, माणूस तटाच्या आत मेला. मग आत कोण होतं?

पोलिसांचं काम समजून घ्यायला आमच्या सोसायटीतल्या निवृत्त फौजदारकाकांकडे सात-आठ संध्याकाळी गेले. त्यांनी मला आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग दोन पंच, मग मरणोत्तर पंचनामा अशा क्रमाने चालायला शिकवलं. प्रेताच्या अंगावरचं एकेक वस्त्र, खिशातली एकेक वस्तू पंचनाम्यात येते. ते ऐकताना वाटलं, पंचनामा म्हणजे लेखकाला मिळालेली केवढी मोठी सोय आहे! पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा आणि तो यादीत चौदावा असल्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या यादीत अकरावी वस्तू होती "कोरडी काडेपेटी, एक". समुद्रात पडलेल्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात कोरडी काडेपेटी कशी, हा प्रश्न गोष्टीत पंधरा पानं कुणी विचारत नाही. (ती नंतर मी काढून टाकली. रात्रभर भरतीखाली राहिलेल्या प्रेताच्या खिशात काहीच कोरडं राहणार नाही, हे फौजदारकाकांनीच दाखवून दिलं. अजून ती काडेपेटी गेल्याचं वाईट वाटतं.)

त्यांनी माझा शेवटही बदलायला लावला. मी ठेकेदाराला चौकीत ढसाढसा रडवून सगळं कबूल करायला लावलं होतं. काका म्हणाले, "पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, ताई. पुरावा कायदा, कलम २५. तुमचा आरोपी दुसऱ्या दिवशी सुटेल." आता जुलै २०२४ पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदललेत, पण माझी गोष्ट १९९१ची, म्हणून मला जुनेच आकडे लागले. मग त्यांनी कलम २७ सांगितलं. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. त्यावरून मला नवा शेवट मिळाला. रडणं नाही, भाषण नाही. दोन पंच, एक हवालदार, आणि ठेकेदार पुढे चालतोय, तटातल्या एका चिऱ्यामागे लपवलेली हिशेबाची वही दाखवायला. तो निमूट चालतो, एवढंच मी लिहिलं.

वैशाख संपेपर्यंत नऊ हजार शब्दांची कथा झाली. कधी एकदा वन्संना वाचून दाखवते असं मला झालं होतं.

त्या दिवशी वन्सं पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी वाचत होते. दारावर मासळी विकायला येणाऱ्या मावशी कोळंबीचा वाटा लावून पैसे घ्यायला थांबल्या होत्या, त्या पायरीवर बसून ऐकू लागल्या. मी वाचलं, "माघ चतुर्थीची रात्र. नऊ वाजले होते. बेटाच्या चारी बाजूंनी पाणी उसळत होतं..."

मावशी म्हणाल्या, "चवथीला राती नऊला पानी कुठून येल, बाय? सुकती आसल तवा."

मी थांबले. वन्संनी सूप खाली ठेवलं. मावशींनी बोटांच्या पेरांवर हिशेब करून दाखवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि मागाहून पहाटे तीनच्या पुढे भरती. मधोमध, सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या आसपास, सुकती. सुकती म्हणजे ओहोटी, तिकडे तोच शब्द चालतो. अष्टमीला भरती सहाला. द्वादशीला नऊला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार थोडा. मी एकादशीला उभी होते, अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणून मला साडेआठला पाणी दिसलं. आणि मी धरून चालले होते की समुद्र रोज साडेआठला भरतो.

शाळेत शिकले होते की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र पुढे सरकलेला असतो, पृथ्वीला त्याला गाठायला तेवढा वेळ लागतो. परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण होते. पण पन्नास मिनिटं रोज सरकता सरकता आठवड्यात सहा तास होतात आणि भरतीच्या जागी ओहोटी येते, हे त्या पायरीवर बसेपर्यंत मला खऱ्या अर्थाने कळलं नव्हतं. पुण्याला जाऊन भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतले मुंबईचे आकडे ताडून पाहिले. थोडी मिनिटं मागेपुढे होतात, पण बोटांवरचा हिशेब गोष्ट लिहिण्यापुरता पक्का होता.

नऊ हजार शब्द गेले. बेट बंद नव्हतंच. कुणीही चालत जाऊन चालत येऊ शकत होतं. तिथी बदलून द्वादशी करावी असं एकदा मनात आलं. ते सोपंही होतं. पण गणेशजयंती चतुर्थीचीच, आणि उत्सवाशिवाय माझी माणसं त्या रात्री तिथे जमतच नव्हती. दोन दिवस वही उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवताना सुचलं. जी चूक मी केली, तीच दुसऱ्या कुणी केली तर? मी काही खोटं बोलत नव्हते. माझ्या डोळ्यांनी पाणी पाहिलं होतं, म्हणून मला खात्री होती. अशी खात्री असलेला माणूस गोष्टीत हवा.

तो म्हणजे तपास करणारा फौजदार. त्याला मी वऱ्हाडातून बदली होऊन आलेला केला. चतुर्थीच्या आधी आठवडाभर तो रुजू होतो. आठवडाभर आधी म्हणजे पौष वद्य द्वादशी, आणि बाराचे पाऊणपट नऊ. पहिल्याच रात्री नऊ वाजता तो किनाऱ्यावर जातो आणि बेट पाण्याने वेढलेलं बघतो. ते दृश्य त्याच्या मनात ठसतं. मग ठेकेदार जबाबात सांगतो, "साहेब, नऊला मी इकडे होतो आणि बेटाला तर पाणी होतं", तेव्हा फौजदाराला ते खरं वाटतं, कारण त्याने स्वतः पाहिलेलं असतं. खोटं बोलणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, तो प्रामाणिक माणूसच देऊन टाकतो. लपवलेली होडी मी आनंदाने पुसून टाकली. ठेकेदार चालत गेला, चालत आला.

मग खरा प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. किनाऱ्यावर राहणाऱ्या शेकडो लोकांना ठाऊक आहे की चवथीला नऊला सुकती असते. मग कुणी बोलत कसं नाही? कुणाला धाक दाखवला, पैसे चारले, असं काही मला नको होतं, ते खोटं वाटलं असतं. उत्तर साधं निघालं: कुणी त्यांना विचारलंच नाही. जबाब प्रश्नाला उत्तर म्हणून घेतले जातात. "त्या रात्री कुणाला पाहिलंत?" असं विचारलं, "पाणी किती होतं?" असं विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला ते माहीत होतं. स्थानिक हवालदार दुसऱ्याच पानावर "साहेब, तिथी कुठली..." एवढं म्हणतो आणि तेवढ्यात उत्सवाच्या बंदोबस्ताचा निरोप येतो. वाचक ते वाचून पुढे जातो.

१९२९मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. त्यातला एक मला मनापासून पटतो: शोध घेणाऱ्याला जो धागा सापडतो, तो त्याच क्षणी वाचकालाही दाखवला पाहिजे. मी त्याच्याही पुढे जायचं ठरवलं. फौजदाराच्या आधी वाचकाला दाखवायचं. चतुर्थी तर पहिल्याच वाक्यात आहे. आणि तिसऱ्या पानावर कालवं आहेत.

कालवं खडकाला चिकटलेली असतात. ओहोटीला खडक उघडे पडले की बायका ती फोडून काढतात, भरतीत ते शक्यच नाही. माझ्या गोष्टीत गोदा नावाची कोळीण पंचमीला पहाटे सहाला फौजदाराच्या घरी ताजी कालवं घेऊन येते, त्याची बायको वाटाघाटी करते, भाव ठरतो. पंचमीला पहाटे पावणेचारला भरती, मग सहाला खडक अजून पाण्याखालीच. म्हणजे कालवं आदल्या रात्री काढलेली. म्हणजे आदल्या रात्री खडक उघडे होते. ज्या सकाळी प्रेत सापडतं, त्या सकाळी फौजदार ती कालवं नाश्त्याला खातो. गोदाने बेटावर बॅटरीचा उजेडही पाहिलेला असतो. चवथीची कोर साडेनऊच्या पुढे मावळली होती, मिट्ट काळोख होता, तिला वाटलं हिशेबनीस असेल. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नाही. गोष्टीतलं सगळ्यात मोठं सत्य तिच्याजवळ आहे आणि ते पाटीत घालून ती दारात आली होती.

संशयित सहाचे तीन केले. पुजाऱ्याचा पुतण्या ठेवला, तो खोटं बोलतो, पण वेगळ्या कारणाने: दानपेटीतले पैसे त्याने उसने उचलून परत ठेवलेले असतात. खोटा माग काढताना मी एवढंच पाळलं की त्यालाही स्वतःचं खरं कारण असावं, आणि तेही वाचकाला कळावं. बाकीचे तिघे नुसते गर्दी करत होते.

नवं लिहिणं सव्वीस दिवसांत झालं. दिवाळी अंकाकडे पाठवायला श्रावणाचा पहिला आठवडा ही शेवटची मुदत होती. संपादकांचा फोन आला. कथा घेतो, पण सहा हजार शब्दांत बसवा, आणि "तो मासे घेण्याचा प्रसंग वर्णनाचा आहे, तो काढला तर चालेल." माझे हात गार पडले. तो प्रसंग गेला तर वाचकाशी केलेला करार मोडला असता. मी फोनवर त्यांना पाऊणपटीचा हिशेब सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग म्हणाले, "मी तो प्रसंग वाचला आणि माझ्या लक्षात आलं नाही." प्रसंग राहिला. मी उत्सवाचं वर्णन, पालखी, फौजदाराच्या बालपणाची दोन पानं काढली. पालखी काढताना जीव तुटला, ती मी फार मनापासून लिहिली होती. पण डाव्या पानावर पालखीला काही काम नव्हतं.

छापण्याआधी एकदा अलिबागला गेले. मावशींना ऐकवायचंच होतं. त्याच पडवीत, त्याच पायरीवर बसल्या. मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या पानावर गोदा दारात आली, भाव झाला, कालवं तोलली गेली.

"सकाली सहाला?" मावशींनी विचारलं.

"हो."

"पंचमीला?"

"हो."

त्यांची बोटं पदराखाली हलली. मग वन्संकडे बघून म्हणाल्या, "मंग ही राती गेलेली ना खडपाव. वाट मोकली होती. त्यो ठेकेदार लबाड बोलतोय."

ठेकेदाराचं नाव तोवर एकदाच आलं होतं. अजून बावीस पानं बाकी होती. मी वही मिटायला लागले, तर त्यांनी हात धरला.

"वाच ना बाय पुढं. त्या सायबाला कवा कलतं ते ऐकाचंय."

मी वाचत राहिले. मध्ये एकदा वन्संनी उठून दिवा लावला.